नाव बदलायचं न्हाय

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळा गावात एका साखरपुड्याच्या मांडवात कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होतो. अंगठी बोटात जायच्या बेतात होती, म्हणून फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. अंगठी गेली, टाळ्या झाल्या, मग बाजूला जाऊन बघितलं तर मुरुडहून चार कॉल. दुपारी जेवून उठला, छातीत कळ आली, अलिबागला न्यायला गाडी काढली आणि अर्ध्या वाटेतच... मी मांडवात परत आलो आणि नवरीच्या काकांना म्हटलं, आज जरा लवकर आटपावं लागेल, माझा मित्र गेला. "कोण?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. तर काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "दिनूभाऊ? आमचा मुरुडचा दिनूभाऊ?" असं म्हणून ते मिळाली ती खुर्ची ओढून बसलेच. बायका गोळा झाल्या, कोणी डोळ्यांना पदर लावला. तीन वर्षं त्या घरातली सगळी कार्यं मी शूट करतोय, आणि माझ्या मांडवात माणसं दिनूसाठी रडत होती. मित्र गेल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण इथेही खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला. मला वाटलं, मेला तरी हा माझ्या मांडवात आलाच.

आम्ही दोघं लग्नाचे व्हिडिओवाले. तो मुरुडच्या कोळीवाड्यातला, मी म्हसळ्याचा. पंचविशीत मुरुडच्या एसटी स्टँडजवळ एका गाळ्यात आम्ही मिळून स्टुडिओ टाकला, पहिला कॉम्प्युटर मिळून घेतला, आणि नऊ वर्षं एका टेबलावर एका डब्यातून जेवलो. मग मी म्हसळ्याला वेगळा झालो. का झालो, ते पुढे येईलच. विचारणाऱ्यांना मी आजवर सांगत आलो की घरच्यांना सोडून किती दिवस राहणार. लोकांना पटायचं, मलाही हळूहळू पटायला लागलं होतं.

अंत्ययात्रेला मी आगरदांड्यावरून पोचलो तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. होड्या त्या दिवशी दर्यात गेल्या नव्हत्या. मोहल्ल्यातली माणसं होती, वाड्यांतले नारळवाले होते, लॉजवाले होते, आणि आतल्या गावांतून भाताची कामं टाकून आलेले शेतकरी होते. मी त्या गर्दीकडे बघत हिशेब करत होतो की माझ्या मयताला यातले किती येतील. हेवा हा प्रकार असा आहे, तो स्मशानाच्या दारातसुद्धा चपला काढून बाहेर थांबत नाही.

कामात मी त्याच्यापेक्षा सरस होतो, हे पहिल्यांदा लिहून टाकतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. कॅमेरा माझ्या हातात शोभायचा. एडिटिंग मीच त्याला शिकवलं. मी एका बैठकीत अख्खी हळद कापून मोकळा व्हायचो, तो दोन दिवस नुसतं बघत बसायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला एक गोष्ट समजावली होती. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की व्हिडिओ त्या सॉफ्टवेअरच्या आत असतो. आत काहीच नसतं. असतो तो फक्त पत्ता, की अमुक नावाची फाइल तमुक डिस्कवर तमुक फोल्डरमध्ये राहते. पोस्टमनच्या पिशवीत घरं नसतात, तसंच हे. तुम्ही फाइल आत घेतली आणि मग बाहेर तिचं नाव बदललंत, की सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जातं, तिथे त्याला कोणी भेटत नाही, आणि जिथे नवरी हसत होती तिथे भडक लाल पाटी येते. "म्हंजे घरी कोन न्हाय," दिनू म्हणाला. मी म्हटलं, बरोबर. त्याने लगेच चहापावडरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मार्करने लिहिलं, 'नाव बदलायचं न्हाय. जागा सोडायची न्हाय.' आणि पुठ्ठा मॉनिटरच्या डोक्यावर चिकटवला.

मी शिकवलेला नियम, आणि पाळला तो त्याने. माझं सगळं हाताला येईल तिथे असायचं. अर्धं डेस्कटॉपवर, अर्धं पेनड्राइव्हमध्ये, गाणी डाउनलोडमध्ये. सहा महिन्यांनी कोणी म्हणालं की आमच्या लग्नातला तेवढा एक भाग वाढवून द्या, की मी प्रोजेक्ट उघडायचो आणि पडदा होळीसारखा लाल. दिनूचं तसं कधी झालं नाही. त्याचे बाबा मासेमारीला जायचे. होडीत दोर कुठे, नांगर कुठे, हे ठरलेलं असतं आणि न बघता हात तिथे जातो, हे त्याच्या हाडात होतं. कॅमेऱ्याने फाइलला जे आकडी नाव दिलं ते पाळण्यातलं नाव, म्हणायचा, त्याला हात लावायचा नाही. हाक मारायचं नाव आपण सॉफ्टवेअरच्या आत वेगळं ठेवायचं. आत तशी सोय असते. फोल्डर असतात, त्यांना आम्ही बिन म्हणतो, आणि प्रत्येक तुकड्यापुढे शेरा लिहायला रकाना असतो. मी त्या रकान्यात उभ्या आयुष्यात काही लिहिलं नाही.

बाकीचे व्हिडिओवाले बिन करतात ते हळद, वरात, सप्तपदी, जेवण असे. दिनू तेही करायचा, पण प्रत्येक लग्नात एक जास्तीचा बिन असायचा, नाव 'माणसं'. त्यात माझे टाकाऊ शॉट तो भरून ठेवायचा. फोकस जुळायच्या आधीचे, कोणी मध्ये आलेले, कॅमेरा खाली घेताना चालूच राहिलेले. आणि समोर शेरे. 'वांगणीची आत्या, पाणी पितेय.' 'नवऱ्याचे मास्तर, डुलकी.' मी हसायचो. म्हणायचो, अरे भंगारवाल्या, डिस्क भरते ती तुझ्या या आत्यांनी. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे रं. आत्या काय पुना पुना येनार हाय?"

त्या तळ्याच्या काकांची गोष्ट तेव्हाची. ते एक दिवस स्टुडिओत आले, वडील जाऊन महिना झालेला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुरुडला एक जण गेलेली माणसं शोधून देतो. घरात वडिलांचा फोटो एकच, तोही मतदान कार्डावरचा. दिनूने कुठल्या कुठल्या लग्नांना म्हातारबुवा गेले असतील ते विचारून घेतलं, तीन प्रोजेक्ट उघडले, 'माणसं'मध्ये शेरे वाचत खाली खाली गेला, आणि त्यांच्यासमोर चहा निवायच्या आत त्याला सापडलं. मांडवाच्या दारात एक म्हातारा वाकून चपला काढतोय, त्या नीट जोडीने भिंतीकडेला ठेवतोय, टोपी सारखी करतोय आणि आत जातोय. अकरा सेकंद. काकांनी ते उभ्यानेच पाहिलं. परत लावायला सांगितलं. मग दिनूचे दोन्ही हात धरले, आणि पुढच्या सुगीला नवीन तांदळाचं पोतं घेऊन आले.

तो शॉट माझा होता. कॅमेरा माझा, खांदा माझा, मीच काढलेला आणि मीच फेकलेला. काकांना माझं नावही माहीत नव्हतं. दिनूने त्यांना सांगितलं होतं, "शूटिंग यानी केलंय, या विलासनी," पण काकांनी माझ्याकडे मान डोलावली आणि पुन्हा त्याच्याकडे वळले. त्या तांदळाचा भात आम्ही दोघांनी मिळून खाल्ला. मला तो गोड लागला नाही. असं मग होतच राहिलं. कोणी आईला शोधत यायचं, कोणी दर्यात गेलेल्या भावाला, आणि जाताना हात जोडायचे ते त्याला. मी बाजूला बसून लेन्स पुसायचो.

आता ते सांगतो, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

एका वर्षी कोळीवाड्याने होळीची फिल्म करायची ठरवली. होळीची पोफळ, म्हणजे सुपारीचं उंच झाड, वाडीतून तोडून आणतात, वाजतगाजत मिरवतात, उभी करतात, हे सगळं नीट शूट करून पाडव्याला देवळापुढे पडदा लावून दाखवायचं. मी तो सगळा दिवस राबलो. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होड्या घेतल्या, मिरवणुकीत उलटा चालत पोफळ घेतली, पायाचं नख गेलं. दिनूने बारा दिवस एडिटिंग केलं. पाडव्याच्या दोन दिवस आधी मी स्टँडवर उतरलो तर नाक्यावर बॅनर लागलेला. होळीची फिल्म, त्याखाली दिनूचा हसरा फोटो, त्याचं नाव. माझं नाव कुठेच नव्हतं. मी बॅनरची खालची कडसुद्धा वाचली, जिथे छापणाऱ्याचं नाव असतं.

स्टुडिओत गेलो तर दिनू निघण्याच्या घाईत होता. "आलो रं वाईच," म्हणाला आणि गेला. मी टेबलावर बसलो. भर दुपार होती, डोक्यात बॅनर भणभणत होता. मी होळीच्या शूटिंगचं फोल्डर उघडलं आणि फाइलींची नावं बदलायला लागलो. 'होडी १', 'होडी २', 'पोफळ मोठी', 'ढोलवाले'. एकेक, शांतपणे, सगळी. या कामातला बारकावा असा, की नुसतं फोल्डर इकडचं तिकडे गेलं तर फारसं बिघडत नाही. सॉफ्टवेअरला एक फाइल नवीन जागी दाखवली की शेजारच्या बाकीच्या ते आपलं आपण शोधून घेतं. नावंच बदलली, तर मात्र प्रत्येक फाइल हाताने, डोळ्याने ओळखून जुळवावी लागते. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी फोल्डर न हलवता नावं बदलली. पुठ्ठा मॉनिटरवर तसाच होता, माझ्या डोळ्यांपुढे.

तासाभराने दिनू आला. प्रोजेक्ट उघडला. सगळं लाल. त्याने फोल्डर उघडून नवी नावं वाचली.

"ही नावं कोनी बदलली?"

"मी," म्हटलं. "आकड्यांवरून काय कळतंय? म्हटलं जरा नीट लावावं."

तो माझ्याकडे वळला नाही. "बरा केलास," एवढंच म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढली.

दीड दिवस तो त्या खुर्चीतून जेवायलाही नीट उठला नाही. एक लाल पाटी घ्यायची, तिथे किती सेकंदांचा तुकडा होता ते बघायचं, पन्नास होड्यांमधून ती एक होडी ओळखायची, जुळवायची, पुढची. मध्ये एकदा त्याने विचारलं, "विल्या, पोफळ उचलताना मागून घेतलेला शॉट खयच्या फायलीत असंल रं?" मला पाठ होतं. माझा शॉट, मला माहीत नसेल तर कोणाला? मी म्हटलं, आठवत नाही. तो बरं म्हणाला. मग मी निघून आलो, कारण तिथे बसवेना.

फिल्म पाडव्याला झाली. वेळेवर झाली, एक होडी इकडची तिकडे नाही. देवळापुढे अख्खा कोळीवाडा बसला होता. पडद्याशेजारी तोच बॅनर आणून बांधला होता, आणि दिनूच्या नावाच्या वर, त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात, एक वेगळी छापलेली पट्टी चिकटवली होती. 'छायाचित्रण' आणि पुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्या दुपारी "आलो रं वाईच" म्हणून तो गेला होता तो फ्लेक्सवाल्याकडे.

पावसाळ्याआधी मी म्हसळ्याला वेगळा झालो. त्याने कारण विचारलं नाही. चांगला कॅमेरा मला दिला, जुना स्वतःकडे ठेवला. त्यानंतर बारा वर्षं आम्ही लग्नांत भेटायचो, फोन करायचो, एकमेकांच्या घरी सणाला जेवायचो. मी स्वतःला सांगून ठेवलं होतं की त्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं असेल, विल्याला नीटनेटकेपणाची हुक्की आली. साधा माणूस. सगळे त्याला साधा म्हणायचे, मी त्या साधेपणाची चादर पांघरून निजलो होतो.

बाराव्यानंतर मंगलवहिनींनी, दिनूच्या बायकोने, मला आत बोलावलं. कपाटातून बुटाचं खोकं काढलं. त्यात हार्ड डिस्क होती, कापडात गुंडाळलेली, आणि खोक्याच्या झाकणाला तो चहापावडरचा पुठ्ठा चिकटवलेला.

"भावोजी, यांचा कुठं चालता-बोलता यिडिओ हाय का बगा ना. सगल्या गावाची मानसं हुडकून दिली यांनी. यांचा सोताचा घरात एक पन न्हाय."

कुठून असणार? व्हिडिओवाला कॅमेऱ्याच्या मागे असतो. मी बघतो म्हटलं. खोकं मांडीवर घेऊन दिघीची फेरीबोट पकडली आणि म्हसळ्याला आलो. चार दिवस ते उघडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी डिस्क लावली आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना म्हणून... नाही, खोटं आहे. मला नेमकं कळत होतं. मी होळीचाच प्रोजेक्ट उघडला. अर्थात लाल आला. डिस्क त्याच्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरवर आली, पत्ता बदलला. मी सॉफ्टवेअरला एक फाइल दाखवली. 'होडी १.' आणि एका क्षणात बाकीच्या सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, होड्या, पोफळ, ढोल. दीड दिवस बसून त्याने जे एकेक जुळवलं होतं ते माझ्या एका बोटाने जुळलं.

'माणसं' बिन होताच. त्याच्या खाली आणखी एक बिन होता. नाव 'विल्या'.

मी उघडला. माझे टाकाऊ शॉट होते, पण त्या होळीचेच फक्त नव्हते. नऊ वर्षांतल्या कुठल्या कुठल्या लग्नांतून त्याने आणून ठेवले होते. ज्यात माझा आवाज आहे, माझी सावली मांडवाच्या कापडावर पडलीय, आरशात मी कॅमेऱ्यासकट दिसतोय. प्रत्येकापुढे शेरा. 'विल्या ओरडतोय.' 'विल्या हसला, कॅमेरा हलला.' कधी काळी माझ्या घरचं कोणी मला शोधत आलं, तर द्यायला त्याने मला भरून ठेवलं होतं. स्वतःच्या नावाचा बिन केला नव्हता. पण मी जिथे ओरडत होतो तिथे ज्याच्यावर ओरडत होतो तो समोर होता. होळीच्या एका शॉटमध्ये पाण्यात गुडघाभर उभा, हात हलवत, "आरं मागं सर, लाट येतंय!" असं मलाच सांगणारा दिनू. मग लाट, मग आकाश, मग आम्ही दोघं हसतोय ते नुसतं ऐकू येतं. सव्वीस सेकंद. मंगलवहिनींना ते त्याच दिवशी पाठवलं. वहिनींनी फोन केला, तिकडून तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. लाट येतंय. लाट येतंय.

फोन ठेवल्यावर मी परत प्रोजेक्टकडे वळलो. सॉफ्टवेअरच्या आत जुनी आकडी नावं तशीच होती आणि बाहेर डिस्कवर माझी. शेऱ्याचा रकाना मी वरपासून वाचत आलो. सगळ्यात पहिल्या तुकड्यापुढे, म्हणजे 'होडी १'पुढे, दिनूने त्या दुपारी लिहिलं होतं:

'नावं विल्याने बदलली. त्यानेच शिकवलेलं बदलायचं नाही. बॅनर बघून आला होता. विचारायचं नाही.'

आणि बारा वर्षं त्याने विचारलं नाही. मला राग आला, खरं सांगतो. बारा वर्षं मी एक गुपित सांभाळतोय असं समजत होतो आणि सांभाळत होता तो, माझ्याहून नीट, रकान्यात लिहून. भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर आम्ही फिट्टंफाट झालो असतो. त्याने ती संधीसुद्धा मला दिली नाही. क्षमा करायच्या कामातही हा माझ्या पुढेच.

मग मी एक करायला गेलो. ती नावं परत पहिल्यासारखी करावीत. होडी, पोफळ, ढोल पुसून टाकावं आणि प्रत्येक फाइलला तिचं पाळण्यातलं नाव परत द्यावं. पहिल्या फाइलवर बोट ठेवलं आणि थांबलो. नाव बदललं की त्याने जुळवलेलं सगळं पुन्हा लाल होणार. त्याने माझ्या चुकीच्या नावांवरच सगळं उभं केलं होतं. आता ती दुरुस्त करायची तर त्याचं काम मोडायला हवं.

डिस्क माझ्याकडेच आहे. वहिनी म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडे, कोणी माणूस शोधत आलं तर लागेल. येतात अजून. परवा श्रीवर्धनकडून एक बाई आली होती, सासूबाईंना शोधत. मी खाली खाली जात शेरे वाचले, सापडल्या. बाईंनी हात जोडले. मी म्हटलं, मी नाही, दिनूने ठेवलंय. हे वाक्य म्हणणं अजून जड जातं, पण म्हणतो. खोकं टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात असतं, पुठ्ठा वर. रोज सकाळी टेबल पुसताना मी ते उचलत नाही. फडकं भोवतीने फिरवतो.